देवघरातला शाळिग्राम आणि कोल्लिडमपलीकडचा समुद्र

यंदाच्या स्मरणिकेसाठी "इतिहासावर काहीतरी द्या" असे संपादक मंडळाने सुचवले, तेव्हा त्यांच्या मनात शहाजीराजे असणार हे उघड होते. बंगळूरच्या मराठी माणसाने इतिहास म्हटला की १६३८ सालच्या शहाजीराजांच्या जहागिरीपासून सुरुवात करायची, हा आता रिवाजच आहे. आपल्या मल्लेश्वरमपुरते बोलायचे तर काडु मल्लेश्वराच्या देवस्थानाशी निगडित असलेला १६६९ सालचा शिलालेख आहे. एकोजीराजांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव देवाला दिल्याची त्यात नोंद आहे. मी मात्र जरा मागच्या इतिहासावर लिहिणार आहे. जरा म्हणजे दहा-पंधरा कोटी वर्षे. तरीही एकोजीराजे त्यात एकदा डोकावून जातील, याची वाचकांनी खात्री बाळगावी.

निमित्त शाळिग्रामाचे आहे. आपल्या मंडळातल्या निम्म्याअधिक घरांत देवघरात शाळिग्राम असेल. पंचायतन पूजा ज्यांच्याकडे आहे त्यांना ठाऊक आहे की या पूजेतले पाचही देव मूर्ती नसून दगड असतात आणि प्रत्येक दगडाचे गाव ठरलेले असते. गणपतीचा तांबडा शोणभद्र शोण नदीतला, शंकराचा बाण नर्मदेतला, देवीचा दगड सुवर्णमुखी नदीतला, सूर्याचा स्फटिक दक्षिणेकडच्या परंपरेप्रमाणे तंजावरजवळच्या वल्लमचा, आणि विष्णूचा शाळिग्राम नेपाळातल्या गंडकीचा. भूगोलाचा एवढा पक्का पाठ रोज सकाळी ताम्हनात मांडणारा समाज जगात दुसरा असेल असे मला वाटत नाही.

यातले चार खनिज किंवा खडक आहेत. पाचवा, म्हणजे शाळिग्राम, हा एका प्राण्याचा अवशेष आहे. काळ्या गोट्याच्या आत जे चक्र दिसते ते अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याच्या शंखाचा ठसा असतो. काली गंडकीच्या वरच्या खोऱ्यात, मुक्तिनाथच्या परिसरात, काळ्या शेल दगडाचे थर आहेत. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी तिथे टेथिस समुद्राचा तळ होता. प्राणी मेला, शंख चिखलात रुतला, त्याच्याभोवती चिखल घट्ट होऊन गोटा बनला. पुढे भारताचा भूखंड आशियाला धडकला आणि तो तळ हिमालयाच्या उंचीवर गेला. आता नदी तो थर फोडते आणि गोटे खाली आणते. देवघरातल्या दगडाबद्दल असे सांगितले की काही वडीलधाऱ्यांना आवडत नाही, हे मला अनुभवाने माहीत आहे. माझ्या स्वतःच्या मते शाळिग्रामाचे महत्त्व यामुळे तसूभरही कमी होत नाही. चक्र आहे म्हणून तो विष्णू, ही श्रद्धा. ते चक्र कोणी घडवले, हा वेगळा प्रश्न.

अमोनाइट दिसायला गोगलगायीसारखा असला तरी नात्याने माकूळ आणि ऑक्टोपस यांच्या जवळचा. त्याचा शंख चकलीसारखा एका पातळीत गुंडाळलेला असतो. (चकलीची उपमा अगदी चपखल बसते, शंखावरच्या उभ्या कंगोऱ्यांसकट.) आतून शंख कप्प्याकप्प्यांचा असे. प्राणी राहायचा फक्त शेवटच्या मोठ्या कप्प्यात. मागचे कप्पे तो बंद करीत जाई आणि त्यांतून जाणाऱ्या एका बारीक नळीने आतले पाणी काढून घेऊन वायू भरी. त्यावर तो पाण्यात तरंगे. प्रत्येक पडदा शंखाच्या भिंतीला जिथे जोडला जाई तिथे एक शिवण उमटे. ही शिवण साधी सरळ नसून नेच्याच्या पानाच्या कडेसारखी नक्षीदार असते. जातीजातीची शिवण वेगळी असल्याने अभ्यासक त्यावरून ओळख पटवतात. आकार म्हणाल तर नखाएवढ्यापासून ते गाडीच्या चाकाहून मोठा. जर्मनीत सेप्पेनराडे गावी १८९५ साली सापडलेला नमुना पावणेदोन मीटरच्या आसपास व्यासाचा आहे.

भूवैज्ञानिकांना हा प्राणी इतका प्रिय का, तर तो फार भराभर बदलत गेला आणि समुद्रातून दूरदूर पसरला. त्यामुळे एखादी विशिष्ट जात सापडली की तो थर कुठल्या काळचा हे सांगता येते, आणि हजारो मैल दूरच्या थराशी त्याची जोडी लावता येते. नाण्यावरून राजाचा काळ ठरवावा तसे.

आता आपल्या मुलखाकडे वळू. महाराष्ट्रात अमोनाइट शोधायला जाऊ नये. सह्याद्रीपासून विदर्भापर्यंत बहुतेक सारा मुलूख लाव्हाच्या काळ्या कातळाखाली गेला आहे आणि लाव्हात शंख टिकत नाहीत. नागपूरजवळ टाकळी येथे १८५० च्या दशकात मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळातून जीवाश्म गोळा केले, पण ते गोड्या पाण्यातले. समुद्र पाहायचा तर नर्मदा ओलांडून माळव्याच्या कडेला बाघ गावी जावे लागते. बाघची लेणी सर्वांना माहीत असतात. लाव्हाखालून डोकावणारे बाघचे चुनखडक मात्र फारसे कोणी बघत नाही. हा भाग शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात होता. व्रेडनबर्ग या भूवैज्ञानिकाने १९०७ च्या सुमारास इथल्या अमोनाइटांचे वर्णन केले तेव्हा एका प्रकाराला नर्मदेच्या ग्रीक नावावरून 'नामाडोसेरास' असे नाव दिले आणि त्यातल्या एका जातीला शिंद्यांचे. पुढच्या अभ्यासकांनी या जाती एकमेकींत विलीन केल्या. संस्थानांचेही तेच झाले.

याच बाघच्या जीवाश्मांवर एका मराठी माणसाने आयुष्य वेचले. प्रा. जी. डब्ल्यू. चिपळूणकर हे आधी बनारस हिंदू विश्वविद्यालयात आणि नंतर पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत होते. (हीच संस्था १९९२ पासून आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते.) समुद्रसाळिंदर, शिंपले, गोगलगायी असे एकेक गट घेऊन त्यांनी बाघवर निबंध लिहिले. अमोनाइटांवरचा त्यांचा निबंध १९४१ साली आला, आणि तो छापला कोणी, तर सर सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्ये बंगळुरात स्थापन केलेल्या इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेसने. म्हणजे माळव्यातल्या समुद्राची हकीकत मराठी माणसाने लिहिली आणि ती जगापुढे गेली आपल्या गावातून.

बंगळूरची जमीन मात्र या बाबतीत अगदी कोरडी. लालबागेतला खडक आपण मुलांना दाखवतो. तो सुमारे ३०० कोटी वर्षांचा आहे. तो तयार झाला तेव्हा शंख असलेला प्राणीच पृथ्वीवर नव्हता. मल्लेश्वरममध्ये पाया खणा, बोअर मारा, लागेल तो हाच नीस खडक. माझ्यासारख्याला छंद पुरवायचा तर सुट्टी काढून साडेतीनशे किलोमीटर तरी जावे लागते. ते ठिकाण म्हणजे तामिळनाडूतला पेरंबलूर आणि अरियलूरचा भाग, जुना तिरुचिरापल्ली जिल्हा.

इथे एकोजीराजे येतात. मल्लेश्वराला गाव देणारे हे राजे पुढे १६७५-७६ च्या सुमारास तंजावरच्या गादीवर बसले आणि तिथे मराठ्यांचे राज्य १८५५ पर्यंत चालले. तंजावरच्या उत्तरेला कोल्लिडम नदी ओलांडली की अरियलूरचा मुलूख लागतो. तंजावरहून अंतर पन्नास किलोमीटरच्या आत. दुसरे सरफोजी महाराज (कारकीर्द १७९८ ते १८३२) म्हणजे केवढे जिज्ञासू! सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले, वैद्यकाचे प्रयोग केले, वनस्पतींची चित्रे काढवून घेतली, आणि १८०३ मध्ये भोसले वंशाचे चरित्र मराठीत बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरवून घेतले. आपल्या वंशाचा इतिहास दगडावर लिहिणाऱ्या या राजाच्या दारापासून एका दिवसाच्या घोडदौडीवर दगडांनी स्वतःच लिहिलेला इतिहास पडून होता. सरफोजींसारख्या राजाच्या हाती हे शंख लागले असते तर त्याने त्यांचे काय केले असते, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

ते काम झाले त्यांच्यानंतर आठ-दहा वर्षांनी. मद्रास सनदी सेवेतले सी. टी. के आणि त्यांचे सहकारी कनलिफ यांनी पाँडिचेरी, वृद्धाचलम आणि तिरुचिरापल्ली या तीन भागांतून जीवाश्म गोळा केले आणि लंडनला पाठवले. एडवर्ड फोर्ब्स या निसर्गशास्त्रज्ञाने १८४६ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. दक्षिण भारतात युरोपातल्या खडूच्या खडकांच्या काळचा, म्हणजे क्रिटेशस, समुद्र होता हे तेव्हा जगाला कळले. मग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे हेन्री ब्लॅनफर्ड इथे फिरले. १८६२ च्या त्यांच्या अहवालात त्यांनी खडकांचे तीन गट पाडले: सर्वांत जुना उत्तत्तूर, मधला तिरुचिरापल्ली, वरचा अरियलूर. दीडशेहून अधिक वर्षे झाली, तपशील कितीतरी सुधारले, तरी ही तीन नावे टिकून आहेत. हेच ब्लॅनफर्ड पुढे सरकारचे हवामान अधिकारी झाले आणि मान्सूनचे अंदाज वर्तवू लागले. दहा कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राबद्दल ते अधिक खात्रीने बोलत असावेत.

पण या कथेचा खरा नायक फर्डिनांड स्टोलिच्का. जन्म १८३८ चा, मोराव्हियातला, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातला. १८६२ अखेर तो कलकत्त्यात सर्वेक्षणात रुजू झाला, वय चोवीस. ब्लॅनफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमवलेल्या दक्षिणेतल्या जीवाश्मांचे ढीग त्याच्यापुढे ठेवण्यात आले. पुढच्या दहा-अकरा वर्षांत त्याने अमोनाइट, गोगलगायी, शिंपले, समुद्रसाळिंदर अशा एकेका गटाचे चित्रांसह वर्णन करून चार जाडजूड खंडांचे काम उभे केले. आजही अरियलूरचा अमोनाइट ओळखायचा तर प्रथम स्टोलिच्काची चित्रे उघडावी लागतात. याच माणसाने १८६४-६५ मध्ये स्पितीत जाऊन तिथल्या काळ्या शेल दगडांचा अभ्यास केला, म्हणजे शाळिग्राम ज्या जातीच्या थरांतून येतो त्याच थरांचा. दोन्ही समुद्र पाहिलेला हा माणूस यारकंदच्या मोहिमेवरून परतताना १९ जून १८७४ रोजी लडाखमध्ये अतिउंचीच्या त्रासाने गेला. वय अवघे छत्तीस. लेहला त्याचे थडगे आहे. लडाखच्या सहलीला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी तिथे दोन मिनिटे जरूर थांबावे.

स्टोलिच्कानंतर ऑस्ट्रियाचे फ्रान्झ कॉस्मॅट यांनी १८९५ ते १८९८ या काळात इथल्या अमोनाइटांची फेरतपासणी केली. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा 'कॉस्मॅटिसेरास' हा प्रकार इथे सापडतो, मादागास्करला सापडतो आणि थेट अंटार्क्टिकातही सापडतो. दक्षिणेकडचे सारे भूखंड तेव्हा नुकतेच एकमेकांपासून सुटत होते आणि मधल्या समुद्रांतून हे प्राणी फिरत होते.

मी प्रथम तिकडे गेलो तो १९८८ च्या जानेवारीत, सेलम-आत्तूरमार्गे बसने पेरंबलूरला. आता रात्रीच्या रेल्वेने तिरुचिरापल्लीला उतरून पुढे बसने जाणे सोपे पडते. कारै गावाजवळची जमीन पाहिली की पहिल्यांदा वाटते, इथे काहीच नाही. तांबूस-पिवळसर मातीच्या उघड्या टेकड्या, पावसाने पाडलेल्या घळी, झाड औषधाला नाही. ऊन वर आले की मातीतल्या जिप्समच्या शिरा काचेसारख्या चमकू लागतात. खाली पाहत चालायला लागावे. आधी दिसतात बेलेम्नाइट, बंदुकीच्या गोळीसारखे लांबट दगड. हे माकूळाच्या नातेवाइकांच्या शरीरातले आधार. मग एखादी फॉस्फेटची गाठ, आणि नजर सरावली की कंगोरे असलेला एखादा तुकडा. अख्खा अमोनाइट क्वचित मिळतो. शेळ्या राखणारा एक मुलगा दिवसभर माझ्यामागे फिरत होता. संध्याकाळी त्याने मुठीतून एक रुपयाएवढा सुरेख शंख काढून "संगु, संगु" म्हणत माझ्या हातावर ठेवला. मला दिवसभरात तसा एकही मिळाला नव्हता.

पाऊस संपल्यावर, डिसेंबर ते फेब्रुवारी, जावे. हातोडी, छिन्नी, जुनी वर्तमानपत्रे, वही आणि पाणी, एवढे पुरे. यात वही सर्वांत महत्त्वाची. तुकडा उचलल्याबरोबर त्यावर क्रमांक घालायचा आणि वहीत गाव, घळ, थर, तारीख लिहायची. कुठल्या थरातून आला हे माहीत नसलेला अमोनाइट शोभेचा दगड म्हणून ठीक, पण त्याच्याकडून काळ विचारता येत नाही. माझ्याकडचे बेचाळीस नमुने असे क्रमांकासह होते. चार वर्षांपूर्वी ते वहीसकट तामिळनाडूतल्या एका महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला दिले. घरी दोनच ठेवले आहेत.

हा मुद्दा जरा ठासून सांगण्याचे कारण आहे. या भागातला चुनखडक सिमेंटला उत्तम. कल्लक्कुडीला दालमियांचा कारखाना १९३९ पासूनचा; पुढे अरियलूरभोवती कारखान्यांची रांगच लागली. खाणींना सरसकट दोष देणे मला पटत नाही. खाणीच्या उभ्या कड्यामुळेच कितीतरी थर अभ्यासकांना प्रथम नीट दिसले, आणि आपली मल्लेश्वरममधली घरे काही मातीची नाहीत. पण ज्या थरातून शंख यायचे तो थर भट्टीत गेला की गेला. दुसरीकडे हौशी लोक आणि विक्रेते उत्तम नमुने उचलतात, आणि ते नोंदीवाचून दिवाणखान्यात जातात. भूवारसास्थळांच्या जपणुकीसाठी केंद्राच्या खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये कायद्याचा मसुदा लोकांपुढे ठेवला, तो याच चिंतेतून.

नुसते शोधून भागत नाही, याचे ठळक उदाहरण अरियलूरजवळच्या कल्लमेडूचे आहे. १९८० च्या दशकात याडगिरी आणि अय्यासामी या शास्त्रज्ञांनी तिथल्या एका प्रचंड डायनासोरच्या हाडांचे वर्णन केले आणि नाव दिले 'बृहत्कायोसॉरस'. जगातल्या सर्वांत मोठ्या प्राण्यांत त्याची गणना व्हावी असा त्याचा आकार सांगितला गेला. परंतु हाडे ठिसूळ होती, ती टिकली नाहीत. चुरा होऊन गेली. आज त्या प्राण्याबद्दलचा सारा वाद थोड्या छायाचित्रांवर आणि रेखाटनांवर चालला आहे. उलट सात्तनूरला जाऊन पाहा. समुद्राच्या गाळात वाहून आलेले १८ मीटर लांबीचे दगड झालेले खोड तिथे राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून कुंपण घालून जपले आहे. शाळेची मुले येतात, त्याच्या शेजारी उभी राहून आपली उंची मोजतात. वारणवासीला जीवाश्म संग्रहालयही झाले आहे. कुटुंबासह जायचे तर या दोन जागा आणि वाटेत गंगैकोंडचोळपुरम असा बेत करावा. मुले कंटाळत नाहीत आणि सौभाग्यवतींची तक्रार राहत नाही.

मी मात्र शेवटचा दिवस नेहमी निन्नियूरसाठी राखून ठेवतो. अरियलूर गटाचे वरचे थर ओलांडून आपण निन्नियूरच्या चुनखडकावर पाय ठेवतो, तेव्हा ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची सीमा ओलांडलेली असते. सीमेच्या अलीकडे अमोनाइट, पलीकडे एकही नाही. ४० कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेले हे घराणे तिथे संपले. मेक्सिकोत आदळलेली उल्का हे त्याचे मुख्य कारण मानले जाते. पण त्याच सुमारास आपल्या महाराष्ट्रात लाव्हा वाहत होता. सह्याद्रीत त्याचे थर काही ठिकाणी दोन किलोमीटरपर्यंत जाड आहेत आणि त्याचे ओघ पूर्वेला राजमहेंद्रीपर्यंत पोचले. त्या धुराचा आणि वायूंचा या नाशात वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत अजून खडाजंगी चालते. रायगडाचा कातळ या खटल्यातला एक आरोपी आहे, हे तंजावरच्या शेजारी उभे राहून आठवले की मौज वाटते.

निन्नियूरच्या थरात नॉटिलस मात्र सापडतो. कॉस्मॅट यांनी त्यावरूनच हा थर अमोनाइटांनंतरचा ठरवला होता. नॉटिलस हा अमोनाइटाचा दूरचा भाऊबंद, तसाच कप्प्यांचा शंख वागवणारा. तो वाचला कसा याचे एक स्पष्टीकरण असे देतात की अमोनाइटाची पिल्ले अगदी बारीक, पाण्याच्या पृष्ठभागाजवळ तरंगणारी होती आणि तिथले अन्न संपताच ती गेली. नॉटिलसची अंडी मोजकी पण मोठी, पिल्ले आयती वाढलेली आणि खोल पाण्यात राहणारी. प्रशांत महासागरात तो आजही आहे. घरी ठेवलेल्या माझ्या दोन नमुन्यांपैकी एक कारैचा अमोनाइट आहे आणि दुसरा निन्नियूरच्या नॉटिलसचा वीतभर तुकडा. त्याची शिवण अगदी साधी, नागमोडी, बिनानक्षीची आहे.